जळालं ते कुणाच्या खात्यावर?

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत पाचवा अग्नी. आपण ही यादी दरवर्षी कीर्तनात ऐकतो. पृथ्वीकडून क्षमा घेतली, अग्नीकडून तेज घेतलं, असं म्हणून बुवा पुढे जातात आणि आपणही जातो. पण भागवताच्या एकादश स्कंधात अग्नीबद्दल आणखी एक बारीक गोष्ट आहे. अग्नीला स्वतःचा आकार नाही. ज्या लाकडात शिरेल त्याचा आकार तो घेतो. समईत वातीएवढा, होळीत होळीएवढा. तिथे हा दृष्टान्त आत्म्यासाठी दिला आहे, हे मला ठाऊक आहे. पण मी कॉमर्सचा माणूस, उभी नोकरी बँकेत लेजरं लिहिण्यात गेली, त्यामुळे माझं मन वेगळ्याच वाटेने जातं. आकार जर लाकडाचा, तर दोष आगीला का द्यायचा? लाकूड कुणी रचलं ते विचारायला नको का? आणि जे जळालं ते कुणाच्या नावे टाकायचं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांमुळे. २०१९ साली दत्तजयंती ११ डिसेंबरला होती. आदल्या दिवशी, १० तारखेला, सिडनी शहर धुराने असं भरलं, की बंदरातल्या फेरीबोटी बंद ठेवाव्या लागल्या आणि मोठमोठ्या इमारतींतल्या आगीच्या घंटा धुरानेच वाजू लागल्या. माझा पुतण्या तिथे असतो. पारणं झाल्यावर त्याला फोन केला तर म्हणाला, "काका, दोरीवरचे कपडे काढायला गेलो तर त्यावर राख. सूर्य म्हणजे नुसता कुंकवाचा टिळा." आग त्याच्यापासून कितीतरी दूर होती. तिकडचा उन्हाळा आपल्या मार्गशीर्ष-पौषात येतो, त्यामुळे आपण इथे स्वेटर घालून पालखीला जात होतो तेव्हा त्यांचं रान पेटलेलं होतं.

त्या उन्हाळ्याला तिथले लोक 'काळा उन्हाळा' म्हणतात. नंतर सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने मोजदाद केली. २ कोटी ४० लाख हेक्टरांहून अधिक जमीन जळाली, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे चार भाग केले तर त्यातले तीन. ३,००० हून अधिक घरं गेली. ३३ माणसं गेली. त्यात ९ जण आग विझवणारे होते आणि त्यांतले तीन तर अमेरिकेहून मदतीला आलेल्या विमानातले.

३१ डिसेंबरच्या सकाळी मॅलाकूटा नावाच्या समुद्रकाठच्या गावात दिवस उजाडून पुन्हा काळोख झाला. भोंगा वाजला. सुमारे ४,००० माणसं किनाऱ्यावर जमली. गावचे लोक आणि नाताळच्या सुट्टीला आलेले पाहुणे, सगळे एकाच वाळूवर. मागे आग, पुढे पाणी. कुणी होडीत बसलं, कुणी ओलं कांबळं पांघरून पोरांना जवळ घेतलं. ऐन वेळी वारा फिरला म्हणून माणसं वाचली. शंभरावर घरं मात्र गेली. रस्ते बंद, म्हणून नौदलाचं जहाज आलं आणि त्यातून हजारावर लोकांना बाहेर काढलं.

आता हिशेबाकडे येतो. विमा कंपन्यांकडे जे दावे आले त्यांची रक्कम सव्वादोन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. तेव्हाच्या भावाने दहा-अकरा हजार कोटी रुपये. सरकारने पुनर्वसनासाठी दोन अब्ज डॉलरचा निधी जाहीर केला. वर्तमानपत्रांत "नुकसान" म्हणून हेच आकडे फिरत राहिले. आकडे खोटे नाहीत. पण आकडा काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे बँकेत बसलेल्या माणसाला जरा जास्त कळतं.

मी तालुक्याच्या शाखेत असताना एका किराणा व्यापाऱ्याचं गोदाम जळालं. माल बँकेकडे तारण होता, विमा चालू होता, कागद चोख. सर्व्हेअर आला, त्याने साखरेची पोती, तेलाचे डबे, डाळीचे कट्टे असं सगळं लिहून घेतलं आणि दावा रीतसर मंजूर झाला. त्याच गोदामाच्या माळ्यावर एका हमालाचं बिऱ्हाड होतं. त्याची भांडी, अंथरुणं, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, सगळं गेलं. ते यादीत नव्हतं, कारण ते तारण नव्हतं. सर्व्हेअरने काही लबाडी केली नाही. कागदाचा नियमच असा आहे, की ज्यावर कुणी पैसे दिलेत तेच जळालं असं धरायचं.

ऑस्ट्रेलियाच्या हिशेबातही असे माळे पुष्कळ होते.

धूर घ्या. आगीने ३३ माणसं गेली, पण त्या महिन्यांत धुरामुळे जी हृदयविकाराने, दम्याने आणि फुप्फुसाच्या विकारांनी गेली, ती तिथल्या वैद्यकीय संशोधकांनी नंतर अंदाजली तेव्हा ४०० हून अधिक निघाली. म्हणजे जळून गेलेल्यांच्या दहापटीहून जास्त. यांच्या दाखल्यावर 'वणवा' असं कुठे लिहिलेलं नसणार. आपल्या वयाच्या वाचकांना सांगायला नको, की असा धूर आधी कुणाला गाठतो.

द्राक्षं घ्या. नाशिककडच्या मंडळींना हे लगेच समजेल. हंटर व्हॅली हा सिडनीजवळचा वाइनचा मुलूख. तिथल्या बहुतेक बागा जळल्या नाहीत. वेल हिरवा, घड लटकलेले. पण धूर द्राक्षाच्या सालीत उतरतो आणि मग वाइनला राखेची चव येते, म्हणून अनेकांनी तो हंगामच सोडून दिला. बाग उभी आणि पीक गेलेलं, हे सर्व्हेअरला कसं दाखवणार?

आणि समुद्रकाठची गावं. त्यांचं वर्षभराचं पोट नाताळ ते जानेवारी या हंगामावर. ज्या गावाचं एक कौलही जळालं नाही त्याचंही दुकान रिकामं, कारण पाहुणे आलेच नाहीत. यावर तिथल्या लोकांनी एक साधी गोष्ट केली, ती मला फार आवडली. सहलीला जाताना ते लोक बर्फाची पेटी भरून घेऊन जातात. कुणीतरी सुचवलं की पेटी रिकामी न्या आणि जळालेल्या गावांतून भरून आणा. भीक नाही, देणगी नाही, गिऱ्हाईक होऊन जायचं. दिलेलं घेताना हात पसरावा लागतो, विकताना लागत नाही.

उलट बाजूने गंमत पाहा. घर जळालं ते राष्ट्रीय उत्पन्नातून वजा होत नाही, पण नवं बांधायला घेतलं की सिमेंट, लाकूड, मजुरी हे सगळं उत्पन्नात जमा धरलं जातं. हा हिशेब आम्ही बी.कॉम.ला पाठ केला होता. तेव्हा परीक्षेत उत्तर लिहून मोकळे झालो. आज वाटतं, की ज्या खतावणीत घर जळाल्याने शिल्लक वाढते ती खतावणी घरवाल्याला दाखवू नये.

यापुढचा आकडा वाचताना मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. जागतिक वन्यजीव निधीने तिथल्या शास्त्रज्ञांकडून अंदाज करवून घेतला. सुमारे ३ अब्ज प्राणी या वणव्यांत मेले किंवा परागंदा झाले. त्यात सस्तन प्राणी १४ कोटींच्या वर, पक्षी १८ कोटी, बेडूक ५ कोटी आणि बाकीचे सगळे सरपटणारे, म्हणजे पाली, सरडे, साप. कीटक यात धरलेच नाहीत. दूरदर्शनवर आपण कोआला पाहिला, पाणी पिणारा, पंजे भाजलेला. तो गोजिरवाणा म्हणून दिसला. २४६ कोटी सरड्या-सापांसाठी कुणी रडलं नाही.

आपल्याकडे खांडववनाची कथा आहे. अग्नीला भूक लागली, कृष्णार्जुनांनी रान वेढलं, पळू पाहणारा प्रत्येक जीव परत आगीत गेला. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये या प्रसंगाकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं आहे आणि ते वाचल्यावर ती कथा पूर्वीसारखी ऐकता येत नाही. पण महाभारतकारांनी एक गोष्ट केली. वाचलेले सहा जीव नावानिशी सांगितले. मयासुर, तक्षकाचा मुलगा अश्वसेन आणि चार शार्ङ्गक पक्ष्यांची पिलं. सहाच का मोजले असतील? मला वाटतं, सहा सांगितले की बाकीचे किती गेले ते ऐकणाऱ्याला आपोआप मोजावं लागतं.

वणवा तिथे नवा नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर अर्धसत्य होईल. निलगिरीची झाडं, ज्यांचं तेल आपण पडशाला रुमालावर घेतो, ती मूळची तिथलीच. त्या तेलामुळेच त्यांची पानं भडकतात. पण खोड काळं ठिक्कर पडलं तरी सालीखाली डोळे राखून ठेवलेले असतात, आणि काही आठवड्यांत त्या कोळशातून तांबूस पालवी फुटते. बँक्सिया नावाचं झुडूप आहे, त्याच्या अनेक जातींचं बोंड आगीच्या धगीशिवाय उघडतच नाही, बी पडत नाही. म्हणजे अग्नी तिथे गुरूच आहे, आणि रान त्याच्याकडे शिकलेलं आहे. पण त्या उन्हाळ्यात जी जळाली त्यात गोंडवन काळापासूनची ओली सदाहरित रानंही होती. जागतिक वारसा म्हणून राखलेल्या त्या वनांच्या निम्म्याहून जास्त भागात आग फिरली. त्यांना आगीची विद्या नाही. त्यांना ती कधी लागलीच नव्हती.

एक झाड मात्र वाचवलं गेलं. वोलेमाय पाइन ही डायनोसॉरच्या काळातली जात, संपली असंच सगळे समजत होते. १९९४ साली सिडनीच्या पश्चिमेच्या एका खोल दरीत ती जिवंत सापडली. रानातली मोठी झाडं दोनशेसुद्धा नाहीत. जागा सरकारने गुप्त ठेवली आहे. वणवा तिकडे सरकला तेव्हा आग विझवणारी माणसं हेलिकॉप्टरमधून दोरांनी दरीत उतरली, पाण्याच्या नळ्या पसरून जमीन भिजवत राहिली, वरून विमानांनी आगरोधक रसायन टाकलं. झाडं वाचली. त्या झाडांवर कुणाचं कर्ज नव्हतं, विमा नव्हता. म्हणजे ज्याची किंमत कागदावर नाही त्यासाठीसुद्धा माणूस दोराला लटकतो, हे सिद्ध झालं. प्रश्न एवढाच, की दोनशे झाडांसाठी जमलं ते तीन अब्जांसाठी का जमू नये. याला "ते शक्य नव्हतं" हे उत्तर खरं आहे, पण पुरं नाही.

कारण आग लागण्याआधीच्या गोष्टीही आहेत. २००९ साली ७ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया राज्यात असाच अग्निप्रलय झाला होता, १७३ माणसं गेली. त्यातली सर्वांत भीषण आग विजेची जुनी तार तुटून लागली होती, त्या एका आगीत ११९ जण गेले. तिथे खातं सापडलं. लोकांनी दावा लावला, आणि २०१४ मध्ये ४९ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. २०१९ ला सिडनीच्या वायव्येला जी प्रचंड आग लागली, पाच लाख हेक्टर खाणारी, ती सुरू झाली आकाशातून पडलेल्या विजेने. एक वीज तारेतली, एक आकाशातली. तारेतल्या विजेला मालक होता. आकाशातल्या विजेला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची?

पण लाकूड? २०१९ हे त्या देशाच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडं वर्ष. पाऊस सरासरीपेक्षा ४० टक्के कमी. रान आधीच सरपण होऊन बसलेलं. आणि हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. रॉस गार्नो या अर्थशास्त्रज्ञाने, ऋषीने नव्हे, वैज्ञानिकानेही नव्हे, हिशेबाच्या माणसाने, २००८ साली सरकारला दिलेल्या अहवालात लिहून ठेवलं होतं की वणव्यांचा हंगाम लवकर सुरू होईल, अधिक तीव्र होईल, आणि हा फरक २०२० पर्यंत उघड दिसू लागेल. बारा वर्षं आधी मुदत सांगितली, आणि ठेव मुदतीवर परत आली.

या आगीतून हवेत जो कर्बवायू गेला तो एका अभ्यासानुसार ७१ कोटी टनांच्या वर, म्हणजे तो देश एरवी वर्षभरात सोडतो त्याहून जास्त. पण देशाच्या अधिकृत उत्सर्जनाच्या हिशेबात अशी मोठी नैसर्गिक आग नेहमीच्या खर्चासारखी धरत नाहीत. रान पुन्हा वाढेल आणि तेवढा वायू परत शोषून घेईल, असं समजून तो आकडा बाजूला ठेवतात. आम्ही याला सस्पेन्स खातं म्हणायचो. ज्याचं काय करायचं ते आज कळत नाही ती रक्कम तिथे टाकायची. त्याला हरकत नसते. फक्त एक नियम होता, की त्या खात्यातली नोंद जुनी झाली की मॅनेजर रोज विचारायचा. रान वाढायच्या आत पुन्हा पेटलं तर या खात्याबद्दल विचारणारा मॅनेजर कोण?

इथे आपलंही नाव येतं, नको वाटलं तरी. पोलाद करायला लागणारा चांगल्या प्रतीचा कोळसा आपल्याकडे पुरेसा नाही. तो आपण बाहेरून आणतो आणि सर्वांत जास्त आणतो ऑस्ट्रेलियातून. आपल्या मंदिराच्या सभामंडपाला नवे गर्डर चढवले तेव्हा मी पावत्या तपासायला होतो. लोखंड किती, मजुरी किती, वाहतूक किती, सगळं टॅली झालं. त्या गर्डरमागच्या धुराला पावती नव्हती. यावर कुणी म्हणेल, मग मंडप बांधायचाच नाही का? बांधायचा, पावसात भक्त भिजतात. पण पावती नाही म्हणून देणं नाही, असा अर्थ बँकेत तरी कुणी काढत नाही.

पैसे देण्याच्या मनाची तिथे कमतरता नव्हती. न्यू साउथ वेल्समध्ये आग विझवणारे सत्तर हजारांवर लोक स्वयंसेवक आहेत. शेतकरी, सुतार, मास्तर, स्वतःची कामं टाकून, बिनपगारी. त्यांच्यासाठी सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीने ३०,००० डॉलर जमवायचे ठरवले आणि जगभरातून जमले ५ कोटी १० लाखांच्या वर! देणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना वाटलं, यातून जनावरांनाही मिळेल, दुसऱ्या राज्यांतल्या घर गेलेल्यांनाही मिळेल. बार्बरबाईंनीही तसं म्हटलं होतं. पण पैसे ज्या ट्रस्टच्या खात्यात गेले त्याची घटना अग्निशमन दलाची साधनं, प्रशिक्षण आणि खर्च यांपुरती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२० च्या मे महिन्यात निकाल लागला. दुसऱ्या संस्थांना देता येणार नाही. मृत आणि जखमी जवानांच्या कुटुंबांसाठी मात्र वापरता येईल. लोक रागावले. मला विचाराल तर न्यायाधीशांनी बरोबर केलं. दान देताना मन मोठं असतं, पण पेटीवर काय लिहिलंय ते वाचलेलं नसतं. आपल्या अन्नदानाच्या पेटीतून कळसाला रंग दिलेला चालेल का?

एक हिशेब मात्र मला असा सापडला, की जो उलटीकडून लिहिलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँड हा आदिवासींचा मुलूख. तिथली माणसं हजारो वर्षं आपल्या रानाला स्वतःच आग लावत आली. लहान, थंड, गुडघ्याएवढी आग. पावसाळा संपून गवत अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं असतं तेव्हा पायी हिंडत, वारा बघत एक तुकडा जाळायचा, शेजारचा ठेवायचा. रात्री दव पडलं की आग आपोआप बसते. सरडे-उंदीर शेजारच्या तुकड्यात सरकतात. गोऱ्यांच्या राज्यात ही माणसं वस्त्यांवर गेली, रान सुनं झालं, आणि मग उन्हाळ्याच्या अखेरीस आगडोंब उसळू लागले. लॉफ्टी या नावाने ओळखले जाणारे वृद्ध चित्रकार बार्दायाल नाजामेरेक आणि त्यांच्यासारखे काही म्हातारे आपल्या जुन्या जागी परत गेले, तरुणांना बरोबर घेतलं, शास्त्रज्ञांना बसवून शिकवलं. २००६ पासून डार्विनजवळच्या वायू प्रकल्पाची कंपनी त्यांना वर्षाला सुमारे दहा लाख डॉलर देऊ लागली, १७ वर्षांच्या कराराने. कशाचे? त्यांच्या लहान आगीमुळे जी मोठी आग लागली नाही, तिच्या न निघालेल्या धुराचे. कंपनीने स्वतःचा धूर चालूच ठेवला, म्हणजे हे थोडंसं भटजींना दक्षिणा देऊन प्रायश्चित्त उरकण्यासारखं होतं, हे मी नाकारत नाही. तरी न घडलेल्या नुकसानाची जमा बाजूला नोंद मी माझ्या सगळ्या नोकरीत कधी पाहिली नव्हती.

आता ते लोक हेलिकॉप्टरही वापरतात, नकाशे उपग्रहाचे असतात. पण वयस्क माणसं अजून पायीच जातात, एका हातात पेटती काडी, बरोबर नातवंडं. कुठलं गवत आज पेटवायचं आणि कुठलं आठवडाभर राहू द्यायचं, हे चालता चालता सांगत.